पहिल्या रांगेतली छत्री

छत्री आधी आली, तिच्यामागे धावत माणूस आला.

जुलै संपत आला होता. समुद्रावरून भणाण वारा सुटला होता आणि सेनिगालियाच्या पुळणीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं, चेंडू, ओले टॉवेल, पत्ते कुटणाऱ्या आज्या, नारळाच्या फोडी विकणाऱ्याची हाळी... या सगळ्यातून एक पट्ट्यापट्ट्यांची घरगुती छत्री गडगडत आली आणि इलेनियाच्या पायाशी येऊन थांबली. इलेनियाने तिच्यावर पाय दिला म्हणून थांबली, नाहीतर ती आणखी दोन आज्यांना घेऊन पुढे गेली असती.

"ही तुमची?" इलेनियाने विचारलं.

"मघापर्यंत होती," तो धापा टाकत म्हणाला. "आता तुमचा पाय आहे तिच्यावर... म्हणजे तुमचीच म्हणायची."

"इथे घरची छत्री लावता येत नाही. किनाऱ्याचा हा भाग माझ्या बाबांनी चालवायला घेतलाय."

"समुद्रसुद्धा?"

"समुद्र फुकट आहे. सावलीचे पैसे पडतात."

तो हसला. उन्हाने लाल झालेली मान, नखांत वंगण आणि हसताना किंचित तिरपा दिसणारा एक दात. नाव तुल्लिओ. राहणारा पार वर, बेल्लुनोच्या डोंगरांतला. मागच्या गल्लीतल्या हॉटेलची लिफ्ट दर वर्षी नेमकी गर्दीच्या दिवसांत रुसून बसायची, म्हणून मालकाने त्याला यंदा ऑगस्ट संपेपर्यंत ठेवूनच घेतलं होतं. सकाळी लिफ्ट, दुपारी सुट्टी.

एकच छत्री रिकामी होती. शेवटच्या रांगेत, अंघोळीच्या नळांना लागून. तिथे अंगावर शिंतोडे उडतात, येणारा-जाणारा वाळू उडवतो आणि समुद्र तर दिसतच नाही, असं इलेनियाने प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

"मग दिसतं काय?"

"आमचा कॅफे."

त्याने कॅफेकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "चालेल," तो म्हणाला.

आता या किनाऱ्याची रीत अशी की माणसाची किंमत त्याच्या रांगेवरून ठरते. मागून पुढे सरकायला वर्षं लागतात. छत्री आईकडून मुलीकडे जाते, सासऱ्याकडून जावयाकडे जाते, त्यावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो. पेरूजाच्या पाल्मिराबाई लग्न होऊन आल्या तेव्हा सहाव्या रांगेत बसायच्या. आता नातवंडं झाली तरी दुसऱ्याच रांगेत होत्या, आणि पुढच्या रांगेतलं कुणी जरा खोकलं तरी आशेने वळून बघायच्या. इलेनिया याच वाळूत वाढली. गुडघ्याएवढी होती तेव्हापासून तिला ठाऊक होतं की देण्यासारखी याहून मोठी गोष्ट जगात नाही.

तुल्लिओ मात्र अजबच निघाला. पहिल्याच दिवशी त्याने आरामखुर्ची उलटी फिरवली आणि समुद्राकडे पाठ करून बसला. सगळा किनारा हसला. इलेनियाचे वडील नेव्हिओ म्हणाले, "अरे, समुद्र कुठल्या बाजूला असतो ते सांगा कुणीतरी त्या डोंगरातल्या माणसाला." त्याला विचारलं तर म्हणाला, पाण्याच्या चकाकीने डोळे दिपतात. दुपारचं ऊन तिथे गावाच्या बाजूने येतं, म्हणजे ते थेट त्याच्या तोंडावर यायचं. नाकाची सालं निघाली, तरी गडी हलला नाही. बर्फ घातलेली कॉफी मागवत राहिला, आणि इलेनिया ती नेऊन देत राहिली. हुशार म्हणवून घेणाऱ्या या मुलीला तेव्हा काही कसं सुचलं नाही, हे ती पुढे स्वतःला पुष्कळदा विचारणार होती. तेव्हा तिला एवढंच वाटलं, बिचाऱ्याला समुद्राचं सुखच माहीत नाही.

जेवणानंतर आया पोरांना पाण्यात जाऊ देत नाहीत. किनारा पेंगतो. ती वेळ त्या दोघांची झाली. ती गल्ल्यामागे कप पुसायची, तो समोर डोळे बारीक करून बसायचा, आणि मधल्या चार पावलांच्या वाळूवरून बोलणं चालायचं.

"लिफ्टमध्ये अडकलेली माणसं काय करतात हो?" तिने एकदा विचारलं.

"आधी चिडतात. मग घाबरतात. मग एकमेकांची नावं विचारतात."

"आणि मग?"

"मग मी जाऊन दार उघडतो. कधी कधी उघडल्यावर बघतो, तर दोघांचेही चेहरे पडलेले..." त्याने कपाकडे पाहिलं. "तेव्हा वाटतं, थोडं उशिरानेच यायला हवं होतं."

ती मान खाली घालून हसली. कप स्वच्छ होता, तरी पुन्हा पुसला.

एक दिवस त्याने सहज सांगितल्यासारखं सांगितलं. कंपनी त्याला पार समुद्रापलीकडे, मोन्तेव्हिदेओला पाठवायचं म्हणत होती, तीन वर्षांसाठी. मोठाल्या इमारती, बऱ्यापैकी पगार. ऑगस्टच्या मध्यावर होय की नाही ते कळवायचं होतं.

"जाणार तुम्ही?"

"बघू. थांबायला काही कारण असेल... तर नाही जाणार."

बोलून तो उगाचच बुटातली वाळू झटकत बसला. इलेनियाला तो हवा होता, आणि तो तीन वर्षांसाठी समुद्रापार निघाला होता, इतकी साधी गोष्ट होती. 'थांब' म्हणायचं होतं. हजार माणसांवर दिवसभर ओरडणारी ती मुलगी, पण तो एक शब्द काही तोंडातून निघेना.

आणि नेमकी त्याच आठवड्यात पहिल्या रांगेतली छत्री रिकामी झाली. तेर्नीचे एक वकील आणि त्यांची बायको यांचं फाटलं होतं. छत्री कुणाची यावरून दोघं इतके भांडले की शेवटी कुणीच आलं नाही. पाल्मिराबाईंनी नवा टॉवेल विकत आणला. नेव्हिओंनी त्यांना शब्दही दिला होता.

"ती छत्री तुल्लिओची," इलेनिया म्हणाली.

"कुणाची? त्या उलट्या बसणाऱ्याची?" नेव्हिओंच्या हातातला ब्रश खाली पडला. "अगं, त्याला येऊन तीन आठवडे नाही झाले. तो काय लग्न करणार आहे तुझ्याशी?"

"विचारेल."

नेव्हिओ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ब्रश उचलला. पाल्मिराबाईंनी मात्र त्या दिवसापासून इलेनियाशी बोलणं टाकलं. संध्याकाळपर्यंत सातही रांगांना कळलं की नेव्हिओची पोर त्या लिफ्टवाल्यावर जीव टाकून बसली आहे. यापेक्षा मोठ्याने सांगायचं म्हटलं तर चर्चची घंटाच वाजवावी लागली असती.

चौदा ऑगस्टला दुपारी तो आला, तेव्हा ती त्याला स्वतः घेऊन गेली. रांगांमागून रांगा ओलांडताना पत्ते थांबत होते, माना वळत होत्या. तिचे कान तापले होते. अगदी पुढे, ओल्या वाळूच्या कडेला तिने खुर्ची उघडून ठेवली.

"ही तुमची. महिना संपेपर्यंत."

त्याने समुद्राकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "मी मागे बरा होतो," तो हळूच म्हणाला.

"असं कसं? इथे यायला लोकांची हयात जाते."

"तुम्हाला... मी इथे बसावंसं वाटतं?"

"हो," ती म्हणाली. "मला वाटतं."

"बरं," तो म्हणाला आणि बसला.

त्या एका 'बरं'वर ती दिवसभर तरंगत होती. दुसऱ्या दिवशी भर उन्हाळ्यातल्या सणाची गर्दी उसळली. कलिंगडं कापता कापता हात भरून आले, तरी तिचं लक्ष कॅफेच्या पायऱ्यांकडे होतं. आता येईल, आता काहीतरी बोलेल... तो कॅफेकडे फिरकलाच नाही. पुढच्या रांगेत खुर्ची उलटी फिरवणं म्हणजे मागच्यांच्या तोंडाकडे टक लावून बसणं, ते वाईट दिसतं. म्हणून तो पाण्याकडे तोंड करून ताठ बसून राहायचा. कॉफीही मागवेना. पुढे पुढे तर एक दिवसाआड येऊ लागला. इलेनियाला आधी नवल वाटलं, मग राग आला. एवढं सगळ्यांदेखत केलं, आता पुढचं पाऊल त्याने टाकायला नको? ती का जाईल? ती गेली नाही.

महिनाअखेरीला वादळी पाऊस आला. क्षणात किनारा ओस पडला. नेव्हिओ दुखऱ्या कंबरेवर एक हात ठेवून एकेक छत्री मिटत होते. कॅफेच्या छपराखाली पागोळ्यांच्या आवाजात इलेनिया एकटीच साबणाच्या पाण्यात कप धूत होती, तेव्हा तुल्लिओ खांद्यावर पिशवी घेऊन आला. केस भिजून कपाळाला चिकटले होते.

"झाली लिफ्ट?"

"झाली. मी... परवा मोन्तेव्हिदेओला निघतोय. म्हटलं, सांगून जावं."

तिने कप पाण्यात तसाच सोडला. "कधी ठरलं हे?"

"सोळा तारखेला सही केली."

"सोळा? मी तर तुम्हाला चौदाला पहिली रांग दिली."

"हो. म्हणून तर." तो कसनुसा हसला. "मी शेवटच्या रांगेत बसायचो, कारण तिथून तुम्ही दिसायचात. तुम्ही मला उचलून पार पाण्याकाठी नेऊन बसवलंत. म्हटलं, किती सभ्यपणे नाही म्हणाली ही मुलगी."

पावसाचा जोर वाढला. इलेनियाला खाली बसावंसं वाटलं, पण खुर्च्या सगळ्या भिजल्या होत्या.

"अरे वेड्या," ती म्हणाली, आणि आपण 'अरे' म्हटलं हे तिच्या लक्षातही आलं नाही, "ती जागा मी माझ्या सख्ख्या आत्याला दिली नसती. पाल्मिराबाई बोलत नाहीत माझ्याशी. बाबा घरात मान वर करत नाहीत. सगळ्या किनाऱ्याला कळलं... तुला सोडून."

तो बघतच राहिला. "मग एकदा तोंडाने सांगायचंस."

"तू तरी विचारायचंस."

पाणी वाळूत खड्डे पाडत राहिलं.

"आता सांग," तो म्हणाला.

"आता काय उपयोग?"

"उपयोगासाठी नाही. ऐकायचंय मला."

तिने डोळे मिटले. "जाऊ नकोस," ती म्हणाली. "मला तू फार आवडतोस. जाऊ नकोस."

त्याने तिचा साबणाने बुळबुळीत झालेला हात दोन्ही हातांत धरला. सही झाली होती, तिकडची माणसं वाट बघत होती, शब्द मोडणाऱ्यांतला तो नव्हता. तसा असता तर तिला आवडलाच नसता. "तीन वर्षांनी..." त्याने सुरुवात केली, पण तिने त्याच्या तोंडावर बोटं ठेवली. ऑगस्टच्या शेवटी या वाळूवर दिली जाणारी वचनं तिने लहानपणापासून ऐकली होती, त्यांतलं एक तिला त्याच्या तोंडून नको होतं. त्याने तिची बोटं ओठांना लावली, सावकाश खाली सोडली आणि तो पावसात उतरला. ती त्याच्या मागे धावली असती. पण बाबा हाक मारत होते, वाऱ्याने छत्र्या उलट्या होत होत्या.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं निघालं. हंगामाचे थोडे दिवस उरले होते. इलेनिया स्वतः पाल्मिराबाईंकडे गेली, माफी मागितली आणि त्यांचं सामान उचलून पहिल्या रांगेत नेलं. बाईंचा राग तिथे पोचेपर्यंतसुद्धा टिकला नाही. त्या खुर्चीत टेकल्या, पाय लांब केले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"सार्थक झालं ग," त्या म्हणाल्या. "बस ना जरा. राबत असतेस नुसती."

इलेनिया त्यांच्या शेजारी वाळूत बसली. सगळा जन्म या किनाऱ्यावर गेला होता, पण गिऱ्हाइकाच्या जागी ती कधी बसली नव्हती. समोर पाणी होतं, निळं, थेट आभाळापर्यंत. ती मागे वळली. छत्र्यांमागे छत्र्या, त्यांच्यामागे आणखी छत्र्या. तिने मान उंच करून पाहिलं, डावीकडे वाकून पाहिलं.

"काय शोधतेस?" पाल्मिराबाईंनी विचारलं.

"आमचा कॅफे," इलेनिया म्हणाली. "इथून दिसतच नाही."