स्किल लॅबमधला पेशंट

दार लोटून घे रे, वारा येतोय. आणि मध्येच फिदीफिदी हसायचं नाही. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत घडलंय हे. ताईला थापा मारायची सवय नाही, ती माझी!

ताई मेडिकल कॉलेजात भूलतज्ज्ञ, तिथेच शिकवायची. कॉलेजच्या शताब्दीची आदली रात्र, शुक्रवार. सकाळी तातडीच्या उपचारांचा नवा कोर्स सुरू व्हायचा होता. म्हणून स्किल लॅबमधला रबरी पेशंट एकदा तपासून यावा, एवढ्याचसाठी ती गेली. तो पुतळा यंत्रावर श्वास घेतो, त्याला नाडी असते. विद्यार्थी आधी त्याच्यावर हात साफ करतात, मग तुमच्याआमच्यावर.

ती लॅब म्हणजे कॉलेजचा पहिला वॉर्ड. सुरुवातीच्याच वर्षी तापाची साथ आली आणि एका रात्री डॉक्टर मंडळींनी पळ काढला. रोगी तसेच खाटांवर राहिले. शताब्दीच्या भाषणांत हे कोण कशाला सांगेल?

ताईनं सगळं तपासलं. प्लग काढला. दिवा मालवला. दारापर्यंत आली...

मागे श्वास चालू होता.

"बॅटरी राहिली वाटतं," ती पुटपुटली. दिवा लावून परत गेली. बॅटरी काढून हातात घेतली.

छाती वर. खाली. वर.

मग श्वास अडखळायला लागला.

"डॉक्टर..."

पुतळ्याचे ओठ हलले नव्हते.

"तुम्ही पण निघालात?"

ताईला वाटलं, पळावं... पण हात सवयीनं मनगटावर गेला. मनगट कोमट. नाडी बारीक होत चाललेली. आणखी बारीक...

थांबली.

तिनं दोन्ही तळवे त्या छातीवर रोवले आणि दाबत सुटली. घामाघूम झाली. हात भरून आले. थांबली नाही.

उजाडल्यावर शिपायानं दार उघडलं, तरी ती दाबतच होती.

"मॅडम... कुणाला वाचवताय?"



कार्यक्रम झाला, हारतुरे झाले. रबरी छातीवर मात्र मुका मार बसावा तसा काळानिळा डाग उठला होता. पुसला, धुतला. जाईना. ताई रोज जाऊन बघायची. चार-पाच दिवसांनी तो हिरवट झाला. मग पिवळा...

मला एवढंच म्हणाली, "मढ्याचा मुका मार बरा होत नाही रे."