उजव्या कानातली बाई

आईचं घर रिकामं करायला मी आणि माझा थोरला भाऊ फर्मीन गेलो होतो, एवढंच. महिनाअखेरीला मेक्सिको शहराच्या पोर्तालेस वस्तीतल्या त्या दोन खोल्या घरमालकाला परत द्यायच्या होत्या. भांडी मावशीकडे गेली, कपडे चर्चमध्ये दिले, आणि शेवटी उरलं बुटांचं एक खोकं. त्यात बाबांनी घरच्या कॅमेऱ्यानं घेतलेल्या व्हिडिओच्या कॅसेटी होत्या. फर्मीननं कुठून तरी जुना टीव्ही आणि व्हीसीआरही पैदा करून आणला होता.

"बघू या, फ्लाका," तो म्हणाला. "देशाची लाडकी पालोमिता घरी काय दिवे लावायची ते."

फ्लाका म्हणजे काटकुळी, घरात मला हेच नाव. आणि पालोमिता म्हणजेही मीच. लहानपणी रोज संध्याकाळी अख्खा मेक्सिको मला टीव्हीवर रडताना बघायचा. मालिकेत मी आई शोधत फिरणारी अनाथ पोर होते. अजूनही बाजारात एखादी म्हातारी माझा गाल धरते आणि विचारते, सापडली का गं तुझी आई? पूर्वी मी हसायचे. आता हसता येत नाही.

संवाद पाठ करायला वेळच नसायचा. आमच्या मालिकांमध्ये नटांच्या कानात एक बारीकसं यंत्र घालतात, आणि काचेमागच्या खोलीत बसलेली बाई त्यातून एकेक वाक्य सांगत जाते. माझ्या कानात आम्पारोबाई असायच्या, आमच्या भाषेत दोन्या आम्पारो. वाक्याआधी त्या जिभेनं हलकेच टक् करायच्या. मग मी थांबायचे, डोकं कलतं करून ऐकायचे, आणि बोलायचे. आता हस, आता रड पोरी, हेही त्याच सांगायच्या. मी त्यांना उजव्या कानातली बाई म्हणायचे. शूटिंग संपलं की यंत्र काढून डबीत ठेवलं जायचं. घरी ते कधीच आलं नाही. दोन्या आम्पारोंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मला एकच कॅसेट बघायची होती, आठव्या वाढदिवसाची. दवाखान्यात अगदी शेवटी शेवटी आईनं माझा हात धरून विचारलं होतं, "त्या वाढदिवसाला तू म्हणालीस ना, आई, मला दुसरी कुठलीच आई नको... ते तुझं होतं ना गं? की मालिकेतलं?"

माझंच, मी म्हटलं. पण मला काहीही आठवत नव्हतं, आणि आईला ते कळलं. ती नुसती हसली. ते हसू तेव्हापासून माझ्या मनाला खातंय. ते वाक्य माझं होतं हे मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

फर्मीननं कॅसेट घातली. पडदा थरथरला आणि हीच खोली दिसली, फुगे लावलेली. मी मेणबत्त्या विझवल्या. चावा घे, चावा घे, असा गलका झाला. आमच्यात वाढदिवसाचं पोर हात न लावता केकला चावा घेतं, आणि मागून कुणीतरी त्याचं तोंड केकात दाबतं. मी वाकले, मागून मामानं हात उचलला, आणि आईचा तळहात माझ्या चेहऱ्यापुढे आडवा आला.

"आमची सगळ्यांची तोंडं बरबटली, तुझं मेलं एकदाही नाही," फर्मीन म्हणाला. "बाईसाहेबांचं सोमवारी शूटिंग ना."

तो चिडवत होता, पण हेवा मलाच त्याचा वाटला. आणि आई किती तरुण होती. तिचा तो हात बघून मला भडभडून आलं.

खाली रस्त्यावर रताळीवाल्याच्या गाडीची वाफेची शिटी झाली, लांबलचक, रडवेली. आईला ही रताळी फार आवडायची. फर्मीन ती आणायला खाली उतरला.

पडद्यावर आई त्या पोरीपुढे गुडघ्यांवर बसली. पोरीनं तोंड उघडलं... आणि ती थांबली. डोकं उजवीकडे कललं. बोट कानाशी गेलं.

घरात, आईसमोर, ती कुणाचं ऐकत होती?

ती थांबलेलीच राहिली. मागचे फुगे हलत होते, म्हणजे टेप अडकली नव्हती. खोलीत नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीचा वास येऊ लागला. मग पोरीनं हळूहळू मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. वाक्य ऐकू आलं नाही की मी काचेमागच्या खोलीकडे तशीच बघायचे.

मला राहवेना. पडद्याजवळ जाऊन मी पुटपुटले, "आई..."

"आई," पोर म्हणाली.

"मला दुसरी कुठलीच आई नको..."

तिनं तेही म्हटलं. आईनं तिला छातीशी धरलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. भीती नंतर आली.

फर्मीन परत आला तेव्हा मी कॅसेट मागे नेली होती आणि ओठ घट्ट मिटून बसले होते. आपल्या मनानं ती काय म्हणते ते मला ऐकायचं होतं. आई गुडघ्यांवर बसली. पोरीचं डोकं कललं, बोट कानाशी गेलं. ती काही बोलली नाही. आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली, आशेनं, आणि मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर दवाखान्यातलं ते हसू आलं.

फर्मीनच्या हातातली रताळी निवत होती. "हे असं नव्हतं," तो हळूच म्हणाला. "मी तिथेच होतो, फ्लाका. तू झटकन बोलली होतीस... कुणी काही विचारलंही नव्हतं. मग आता ही कुणाची वाट बघतेय?"

म्हणजे ते माझंच होतं. मला रडू फुटलं. पडद्यावरच्या आईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मला तिला सांगायचं होतं, आई, माझंच होतं गं ते, कुणी सांगितलेलं नव्हतं. मी तोंड उघडलं.

माझ्या उजव्या कानात, अगदी आत, जीभ वाजली. टक्.

आणि मी सवयीनं डोकं कलतं करून थांबले.