चौकट क्रमांक एक

लांडगीण जिवंत आहे हे सिद्ध करायचं, एवढ्यासाठी मी आणि वाटाड्या मामा डोंगर चढलो होतो. तिचं चित्रण मिळालं नाही तर खालचं जंगल खाणीसाठी मोकळं होणार होतं. सोबतीला माझी पेटी. तिच्यात उष्णता टिपणारा कॅमेरा आणि न्यूरल नेटवर्कची चिप. जे हलेल त्याभोवती ती चौकट आखायची, क्रमांक द्यायची आणि मग त्याचा माग सोडायची नाही. तीन वर्षं एका खोलीत मी फक्त तिच्याशीच बोलत आलो होतो.

"घरी कोण असतं?" मामांनी पहिल्याच चढाला विचारलं.

"ही पेटी."

"मग जेवायला हीच वाढते वाटतं?"

लॅपटॉप पहिल्याच दिवशी ओढ्यानं गिळला, म्हणजे चित्रण साठवायला आता फक्त पेटीच उरली. चौथ्या दुपारी समोरच्या उतारावर चौकट उमटली. लांडगीण! सलग अकरा मिनिटं! मी एकटाच नाचलो, कारण मामा पाण्यासाठी दरीत उतरले होते.

ते परतलेच नाहीत. धुकं चढू लागलं. माझ्या हाका वाऱ्यात विरल्या. मी पेटी दरीकडे वळवली. पडद्यावर तापलेल्या दगडांचे शेकडो ठिपके, चौकट एकही नाही. आणि मग आठवलं. गुराखी सारखे मध्ये येतात म्हणून माणसांना वगळायला मीच तिला शिकवलं होतं!

सगळं टिपणारं जुनं नेटवर्क पेटीतच होतं, पण ते उघडायला जागा नव्हती. ती लांडगिणीच्या चित्रणानं अडवली होती. मला रडू आलं, अगदी खरंच आलं. मी ते चित्रण पुसलं आणि जुनं नेटवर्क उघडलं.

ठिपके. ठिपके. चौकट! कड्याखाली एक हात हलत होता. क्रमांक एक! पेटी तशीच दरीकडे रोखून ठेवून मी धावलो. घसरलो. ढोपर फुटलं. पुन्हा धावलो!

मामांचा पाय सुजून टम्म झाला होता. "लांडगीण?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"दिसली होती. पुसावी लागली."

"गाढवा," ते हळूच म्हणाले, पण माझा हात काही सोडला नाही.

मामांना आधार देत तंबूत आणल्यावर मी पेटीतलं दरीचं चित्रण लावलं. क्रमांक एकची चौकट जागची हलत नव्हती. वरून दुसरी धडपडत येत होती.

"हा दोन नंबर कोण रे?"

"मी." मी स्वतःला पहिल्यांदाच चौकटीत बघत होतो.

दोन्ही चौकटी एकमेकींना भिडल्या. मामांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"लांडगिणीसाठी पाय बरा झाला की पुन्हा येऊ," ते म्हणाले. "हे मात्र पुसू नकोस."