जाहिरातीतली हळद

जुन्या जाहिरातींच्या कॅसेटवरचं सगळं पेनड्राइव्हवर उतरवून मिळालं, तेव्हा विनिताने तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि भिवंडीच्या कासार आळीतून वळ गावाला जाणारी रिक्षा पकडली. हळदीच्या दिवशी घरात शंभर कामं असतात, त्यात हे एक. पण हळदीला हे सगळ्यांना दाखवायचंच, असा नवरीचा, उन्नतीचा, हट्ट होता, आणि उन्नतीचा हट्ट विनिताने कधी मोडला नव्हता. पोर लहान असतानाच तिची आई भावना तापाने गेली. तेव्हापासून ही आत्याच तिची आई. धाकटा भाऊ कुणाल नुसता नावाला बाप, असं गाव चेष्टेत म्हणायचं, आणि कुणालही ते हसून मान्य करायचा.

वळ गावात गोदामं यायच्या आधीची गोष्ट. तिथे भातशेतं होती तेव्हा विनिताच्या वडिलांनी, भाऊंनी, गच्चीवर मोठी छत्री बसवली आणि गावात केबल आणलं. चिंचेवरून, कौलांवरून काळ्या वायरी घराघरांत गेल्या. रोज दुपारी भाऊ व्हीसीआरवर सिनेमा लावत आणि मध्ये भिवंडीतल्या दुकानांच्या जाहिराती. त्याही भाऊंनीच भाड्याच्या कॅमेऱ्याने काढलेल्या. चष्मेवाला एकामागून एक चष्मे घालून दाखवायचा आणि प्रत्येकात सारखाच दिसायचा. साडीवाल्याची बायको लाजत लाजत साड्या बदलून यायची. बर्फाच्या कारखान्याचा मालक लादीला टेकून हसायला जायचा आणि त्याचे दात वाजायचे. सिनेमातली गाणी लोक विसरले, पण साडीवाल्याचा पत्ता गावाला अजून पाठ आहे.

त्यातली एक जाहिरात मात्र विनिताला पुन्हा कधी बघायची नव्हती. मंडपवाल्याची. भाऊंना तिच्यात हळदीचा देखावा हवा होता. कॉलेजात जाणाऱ्या विनिताला त्यांनी पाटावर बसवलं. हळद कॅमेऱ्यात काळपट दिसते म्हणून बेसन कालवलं. नवरी खोटी, मंडप फुकटचा, हळद बेसनाची. खरी एकटी रंगूबाई.

रंगूबाई गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात विधीची गाणी, धवले, गाते ती. देवांना बोलावते आणि देवांच्या मागोमाग घरातल्या गेलेल्या माणसांनाही नावं घेऊन बोलावते. ती माणसं येतात, पडवीत बसतात, लग्न लागलं की मानाने परत जातात, असं सगळेच मानतात.

"भाऊ, लगीन न्हाय तं नावां कशी घेवू?" रंगूबाई म्हणाली होती. "बोलावलं का येतान ते. मंग त्याना परत कोन पाठवील?"

"जाहिरात हाय गो नुसती. गा."

भाऊंचा शब्द मोडवेना, म्हणून ती गायली. विनिताच्या आजोबांना बोलावलं, आजीला बोलावलं, खाडीत बुडालेल्या नामाकाकाला बोलावलं. मग पडद्यावर मंडपवाल्याचा फोन नंबर आला. ही जाहिरात त्या पावसाळ्यापासून रोज लागू लागली. रोज तीच नावं, रोज तेच बोलावणं.

पुढे विनिताला स्थळं येऊ लागली. पहिल्या वेळी मुलाच्या आजीने चहाची बशी खाली ठेवत सहज विचारलं, "पडवीत एवढी मानसां बसलीत, ती कोनाकरची?" पडवी रिकामी होती. बोलणं तिथेच थांबलं, पुन्हा निरोप आला नाही. दुसऱ्या स्थळाच्या वेळीही तेच झालं. तिसरे पाहुणे तर दारातूनच फिरले. घरात कार्य चालू दिसतंय, म्हणाले, मग येऊ. त्यानंतर भाऊंनी ती जाहिरात बंद केली, पण तोवर उशीर झाला होता. बसलेल्यांना उठा म्हणायला कुणाला जमणार होतं? विनिता घरातच राहिली. त्याचं तिला दुःख झालं नाही असं नाही. पण उन्नतीला वाढवताना ते हळूहळू बोथट झालं.

घरी आल्यावर तिने पेनड्राइव्ह उन्नतीच्या हातात दिला. "बाकी सगळं लाव. मंडपवाल्याचं तेवढं नको."

"अगं आत्या, तीच तर खास आहे! किती गोड दिसतेस त्यात."

आता हळदीच्या दिवशी नवरीला काय सांगायचं? विनिता हळदीची ताटं मांडायला आत गेली.

संध्याकाळी अंगणातल्या मंडपात मोठा पडदा लागला. उन्नती पाटावर बसली. नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन त्याची मावशी अंबाडीहून आली होती. डीजे थांबवून कुणालने जाहिराती लावल्या आणि सगळा मंडप एका सुरात साडीवाल्याचा पत्ता म्हणू लागला. बर्फवाल्याचे दात वाजले तशी हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. एका म्हातारीला गर्दीच्या दृश्यात तिचा गेलेला नवरा दिसला. तिने पदर डोळ्यांना लावला आणि 'परत लाव रं पोरा' म्हणाली. कुणालने परत लावलं.

मग पडद्यावर पिवळा मंडप आला. पाटावर तरुण विनिता. आणि रंगूबाईचा तो खर्जातला आवाज.

आजोबांचं नाव झालं. आजीचं झालं. नामाकाकाचं झालं. इथे फोन नंबर यायला हवा होता.

आला नाही. रंगूबाई गातच राहिली.

"भाऊला बोलवा वो, मांडवाला..."

भाऊ आता हयात नव्हते, पण जाहिरात काढली तेव्हा तर ते कॅमेऱ्यामागे उभे होते, चांगले धडधाकट. मंडपातलं हसू एकेका रांगेने विझत गेलं. पडद्यावरच्या रंगूबाईने पुढे स्वतःचंच नाव घेतलं. तिला जाऊनही बरीच वर्षं झाली होती. कुणाल रिमोट दाबत होता, मग त्याने वायर ओढली. आवाज चालूच होता. अंगणात ओल्या हळदीचा वास एकाएकी इतका दाटला की श्वास घेताना घशाला लागावा.

"भावनाला बोलवा वो, मांडवाला..."

"आई..." उन्नती पाटावरून अर्धवट उठली.

तेवढ्यात नवऱ्याची मावशी विनिताकडे वाकली. हलक्या आवाजात, अगदी सहज तिने विचारलं, "पडवीत एवढी मानसां बसलीत... ती कोनाकरची?"

पोरीचं लग्न आता हातातून चाललं, विनिताला वाटलं, आपलं गेलं तसंच. पण त्या भीतीतच तिला एक गोष्ट लख्ख कळली. ही माणसं उन्नतीसाठी आलेलीच नव्हती. ज्या हळदीला बोलावलं, ती हळद कधी लागलीच नाही. बेसन लागलं. ती बिचारी माणसं तेव्हापासून तशीच बसून राहिली होती.

तिने मावशीच्या हातातलं ताट घेतलं, उन्नतीला बाजूला सारलं आणि स्वतः पाटावर बसली. उष्टी हळद मुठीने घेऊन तिने गालांना फासली, हातांना फासली, पावलांना फासली. मग रिकाम्या पडवीकडे तोंड करून म्हणाली, "ही मी. माझ्या हळदीला बोलावलं होतं तुम्हाला. लागली बघा हळद. आता हिला मोकळी करा."

गाणं थांबलं. पडद्यावर फोन नंबर आला आणि पडदा काळा झाला.

"उठली सगली," मावशी पडवीकडे बघत पुटपुटली. "कवरी मोठी पंगत व्हती..."

उन्नती आत्याला बिलगली. "आई आली होती ना गं?"

"आली होती," विनिता म्हणाली. आता मात्र तिला रडू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न निर्विघ्न लागलं. उन्नती अंबाडीला गेली. मावशीने कुणाला काही सांगितलं नाही. उलट जाताना विनिताचे हात दोन्ही हातांत धरून ठेवले. तिसऱ्या दिवशी मंडप उतरला. संध्याकाळी विनिताने पडवी झाडली, पुसली, पाट धुऊन भिंतीला उभा केला. अंगावरची हळद दोनदा घासूनही पुरती गेली नव्हती, पण घर बरंच हलकं वाटत होतं.

तेवढ्यात उन्नतीचा फोन आला. आधी दोघी इकडचं तिकडचं बोलल्या. मग उन्नती म्हणाली, "आत्या, मोबाइलवर ती जाहिरात परत बघितली. नावं तीनच आहेत, पहिल्यासारखी."

"बरं झालं."

"पण... तुझ्या शेजारी तो कोण बसलाय गं?"

"कोणी नव्हतं. मी एकटीच होते, एकाच पाटावर."

"नाही गं. दोन पाट आहेत. चेहरा दिसत नाही त्याचा, मुंडावळ्या आहेत. पण हळद लागलीय त्याला. तुझ्या हातची उष्टी."

हळद लागली की पुढे काय असतं, हे विनिताला कोणी सांगायला नको होतं. ती फोन कानाला लावूनच पडवीत आली. भिंतीला लावलेला पाट कोणीतरी आडवा मांडला होता. त्याच्या शेजारी, अगदी चिकटून, दुसरा मांडला होता, आणि त्यावरची हळद अजून ओली होती.