खाकी कागदावरच्या लांब ओळी

कोटाचं अस्तर फाटलं होतं म्हणून खिसे रिकामे करायला घेतले, आणि माझ्या हातात आत्याच आली. तिचा एकुलता एक कवितासंग्रह... कोपरे दुमडलेला, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा.

"जपून हं," टेबलापलीकडून कोटाचा मालक म्हणाला, "ते पुस्तक आता कुठे मिळत नाही."

"आमच्या माळ्यावर बारा प्रती धूळ खात पडल्यात."

तो बघतच राहिला. चष्म्यावर पावसाचे थेंब होते, ते पुसायचंही भान नव्हतं बिचाऱ्याला. आत्याच्या कवितांवर तो प्रबंध लिहीत होता, तिचं घर शोधत आठवडाभर वणवण करत होता, आणि ते सापडलं फाटक्या अस्तरामुळे! मी त्याचं नाव त्याच दिवशी 'प्रबंध' ठेवलं. मनातल्या मनात, अर्थात.

आत्या आता हयात नव्हती. तिनंच मला वाढवलं, सुई धरायला शिकवलं. त्याआधी ती तारखात्यात होती. संचारबंदीची, झडतीची ती वर्षं. चार माणसं एकत्र उभी राहिली तरी शिपाई हटकायचे.

"म्हणूनच त्यांच्या ओळी इतक्या तुटक आहेत," प्रबंध दुसऱ्या दिवशी रंगात येऊन सांगू लागला. "दहशतीत श्वास कोंडतो ना, तसा शब्द कोंडलाय. वीस पानं लिहिलीयत मी त्यावर."

मी गुपचूप माळ्यावरचं पहिलं बाड त्याच्यापुढे ठेवलं. तारेचे वाया गेलेले फॉर्म. ओळीला पाच खण, खणात एक शब्द. आत्यानं हाताशी होता त्या कागदावर लिहिलं होतं, खणाखणानं.

त्यानं खण मोजले. पुन्हा मोजले. मग कपाळाला हात लावून असा हसला, की माझ्या मशीनचा दोरा तुटला.

"वीस पानं गेली की हो पाण्यात!"

"दहा ठेवा. कोरा कागद घरी नेला तर दारावर झडती व्हायची. फॉर्म खपून जायचे."

"तुम्हीच का नाही लिहीत प्रबंध?"

"मग तुम्ही काय करणार? काजं?"

तो रोज दुपारी यायला लागला. खिडकीजवळच्या स्टुलावर बसून उतरवून घ्यायचा, मध्येच मान वर करायचा, मी बघत नसल्याचं नाटक करायचे. एका वेळी एकच बाड द्यायचे मी. "बाकीची?" "शोधतेय ना... माळा केवढा मोठा आहे." माळा कुठला मोठा, दोन ट्रंका मावायच्या नाहीत त्यावर! पण काम संपलं की तो दूरच्या विद्यापीठात नोकरीवर रुजू होणार होता, आणि माझा जीव जडला होता. अगदी वेड्यासारखा.

"तारखात्यातली नोकरी गेल्यावर आत्या काय करायच्या?" त्यानं एकदा विचारलं.

"शिवायच्या," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. पूर्ण खरंही नव्हतं.

निघायच्या दिवशी तो शेवटचं प्रकरण दाखवायला आला. बाहेर मळभ होतं, दुपारीच दिवा लावावा लागला. प्रकरणाचं नाव होतं 'मौन'. 'बडतर्फीनंतर भीतीने कवयित्री कायमची गप्प झाली...'

भीतीने? माझी आत्या?

मी उठले. कापडांच्या कपाटामागून खाकी कागदाची गुंडाळी काढली. कपड्यांचे नमुने कापतो तो कागद. बाह्यांच्या, गळ्यांच्या आकारांमधून अकरा वर्षांच्या कविता. आता खण नव्हते, म्हणून ओळी हातभर लांब. सगळ्या एकाच माणसाला लिहिलेल्या: पलीकडच्या गावचा तारमास्तर. आत्यानं त्याला कधी पाहिलं नव्हतं. तारेवरच्या त्याच्या बोटांच्या ठेक्यावरून ओळखायची फक्त. एके दिवशी ठेका बदलला; त्याला उचलून नेलं होतं. 'तो कुठे आहे?' असं तिनं उघड तारेवर विचारलं, म्हणून तिची नोकरी गेली.

तो उभ्यानंच वाचत राहिला. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं– 'ऐकणारे फार होते म्हणून तुला बोलले नाही, आणि आता बोलते तर ऐकायला तू नाहीस.'

"हे कधीपासून होतं तुमच्याकडे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग...?"

"हे दिलं असतं तर तुमचं काम संपलं असतं. तुम्ही गेला असता." मी म्हटलं. "तुम्ही गेलेलं मला नको होतं."

"मी त्यांना भित्री ठरवणार होतो," तो हळूच म्हणाला, "आणि तुम्ही मला ठरवू देणार होता."

त्यानं कविता भराभर उतरवून घेतल्या, कोट घातला. गाडी गाठायची होती. दारात क्षणभर थबकला... आणि गेला.

चार महिने पत्र नाही. मग प्रबंधाची प्रत आली. 'मौन' प्रकरण गेलं होतं. तिथे 'लांब ओळी' होतं. मी अधाशासारखं वाचत सुटले. माझा उल्लेख कुठेच नव्हता. शेवटच्या पानावर तळटीप होती, बारीक अक्षरात:

'हे कागद ज्यांनी जपले, त्यांनी ते जरा उशिरा दिले. त्या उशिरातल्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या दुपारी होत्या. हे त्यांना दारातच सांगायला हवं होतं.'

खिडकीजवळचं स्टूल रिकामंच होतं. मी खूप रडले, मग कात्री बाजूला सारून खाकी कागद पसरला. आत्याच्या एकाही कवितेवर पत्ता नव्हता.

मी आधी पत्ता लिहिला.