जिनं बांधलं, तिनंच सोडायचं

यात मी पदरचं काही घातलेलं नाही. घालायची गरजच पडली नाही...

दीक्षा माझी सख्खी मावसबहीण. हे तिनं मला एकदाच सांगितलं. तेही मेथी निवडता निवडता, शेजारणीची हकिकत सांगावी तशा सुरात. त्या सुरानंच माझ्या अंगावर काटा आला.

डिसेंबर २००६. कोल्हापूर. दिवस नुकताच मावळलेला. धैर्यशील सरांच्या नृत्य महोत्सवाचा सगळा इतिहास मांडलेलं प्रदर्शन, आणि त्याचा शेवटचा दिवस.

पण आधी निशाबद्दल सांगायला हवं.

निशा म्हणजे दीक्षाची थोरली बहीण. दोघी कोडोलीहून एसटीनं सरांच्या क्लासला यायच्या, कथक शिकायला. दर हिवाळ्यात सर महोत्सव भरवायचे आणि त्यात या दोघी असायच्याच.

त्या क्लासची एक पद्धत होती.

आपली घुंगरं आपण बांधायची नाहीत. जोडीदारणीनं बांधायची. स्वतःच्या हातानं गाठ सैल बसते, असं सरांचं म्हणणं. आणि नाच झाला की जिनं बांधलं, तिनंच सोडायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

निशा दीक्षाची बांधायची, दीक्षा निशाची. आधी उजवा पाय, मग डावा. बांधून झालं की निशा घोट्यावर एक टिचकी मारायची. सोडून झालं, तरी टिचकी. दीक्षा चिडायची. चिडायची म्हणूनच ती मारायची, दुसरं काय!

१९९८चा महोत्सव. आधी दीक्षाचा नाच झाला, मग लगेच निशाचा. टाळ्या वाजल्या. निशा विंगेत आली, भिंतीला टेकली आणि खाली बसली...

उठलीच नाही.

एकोणीस वर्षांची पोर. हृदयात जन्मापासूनचा काही दोष होता म्हणे. कुणाला पत्ताच नव्हता.

दवाखान्यात निशाच्या घुंगरांच्या दोऱ्या कात्रीनं कापल्या. दीक्षाच्या पायात मात्र तिची तशीच होती. निशानं बांधलेली. लाल दोरीची. जरा हललं की छुम वाजायचं आणि व्हरांड्यातली माणसं वळून बघायची. म्हणून ती रात्रभर हललीच नाही. सकाळी तिच्या वडिलांनी, भाऊसो काकांनी, ब्लेडनं दोन्ही दोऱ्या कापल्या.

तेव्हापासून दीक्षाचे पाय घोट्याखाली बधिर.

चालता यायचं. पण गरम, गार, काटा, खडा... काही कळायचं नाही. घोट्यांभोवती तेवढं सतत आवळल्यासारखं वाटायचं. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले सगळं ठीक आहे.

आणि ती रडली नाही. मातीच्या वेळी नाही, पुण्यानुमोदनाला नाही. आठ वर्षांत एक थेंब नाही. "दगडाची हाय पोरगी," असं बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या, आणि तिला ते खरं वाटायचं. तिला एकदा निशासाठी पोटभर रडायचं होतं. एवढंच हवं होतं. येत नव्हतं.

प्रदर्शनासाठी सरांनी निशाची घुंगरं मागितली. तिच्या आईनं, आक्काताई मावशीनं, ती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती.

"न्हे," मावशी म्हणाली. "पर तूच परत आण. तितं ठेवू नगंस तिची."

"आणतो की गं," दीक्षा म्हणाली. आमच्याकडच्या पोरी असंच बोलतात.

सरांनी साडीच्या दुकानातला एक पुतळा आणला होता. त्याला निशाचा पोशाख घातला. घुंगरं दीक्षानंच नव्या पांढऱ्या दोरीत ओवली आणि पुतळ्याच्या पायांना बांधली. आधी उजवा, मग डावा. हाताला सवय होती. बांधून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण पुन्हा निशाचीच घुंगरं बांधली... पण पुतळ्याचं कसलं आलंय, म्हणून तिनं विषय सोडून दिला.

प्रदर्शनाचे सगळे दिवस ती तिथं बसून होती. भिंतीवर निशाचे फोटो. ती बघायची. आत काहीच हलायचं नाही.

शेवटच्या संध्याकाळी लोक गेले. सर टेम्पो बघायला बाहेर गेले. चप्पल दाराशी काढून दीक्षा पुतळ्यासमोर मांडी घालून बसली आणि उजव्या पायाची गाठ सोडायला लागली.

लाइट गेली.

लोडशेडिंग. त्या काळात त्यात नवल नव्हतं.

"ताई, बसा तितंच! मेणबत्ती आणतो!" राखणदार जोतीराम बाहेरून ओरडला. मग त्याची पावलंही लांब गेली.

पंखे थांबले. रस्त्यावरचा आवाजही ऐकू येईना...

छुम.

दीक्षाचे दोन्ही हात पुतळ्याच्या घुंगरांवर होते. ती घुंगरं हलली नव्हती.

छुम...

आवाज तिच्याच पायापाशी होता.

तिच्या नकळत तिची मांडी सुटली आणि पाय पुढे झाले. पूर्वी निशापुढे करायची तसे.

मग उजव्या घोट्याला बोटं लागली.

बारीक, गार बोटं. गाठ शोधणारी. ती सापडली. एक वेढा सुटला... दुसरा सुटला... आठ वर्षांचं आवळलेलं सैल झालं. आणि तळव्याला फरशी लागली. गारेगार! दीक्षाला फरशीवरची रेती कळली, टाचेखालचा खडा कळला. डोळ्यांत पाणी आलं.

घोट्यावर टिचकी बसली.

मग बोटं डाव्या पायाकडे वळली...

आणि दीक्षानं पाय ओढून घेतला.

"का ओढलास गं?" मी विचारलं.

"भ्यालो," ती म्हणाली. "माझीच बहीण, आन् मी भ्यालो."

जोतीराम मेणबत्ती घेऊन आला. दीक्षा एकटीच बसलेली. समोर लाल दोरी पडली होती. जुनी, घामानं काळवंडलेली. काकांनी ब्लेडनं कापलेल्या दोऱ्या तर केव्हाच फेकून दिल्या होत्या.

ही दोरी अखंड होती.

पुतळ्याची घुंगरं सोडून तिनं घरी आणली. दोरीही आणली. मावशीनं दोरी हातात घेतली आणि ओळखली. पेटीत ठेवली. काकांच्या घरात भूतबीत म्हणायची सोय नाही, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत. काका दोरीकडे बघत राहिले आणि शेतावर निघून गेले.

दीक्षाच्या उजव्या पायाला आता सगळं कळतं. डावा तसाच बधिर आहे. अंधारात डोळ्यांत आलेलं पाणी मेणबत्ती दिसताच आटलं, ते पुन्हा आलं नाही.

कोडोलीत लाइट जायला काही कमी नाही. गेली की घरातले कंदील शोधतात. दीक्षा भिंतीला टेकून डावा पाय पुढे करून बसते. ज्या दिवशी जात नाही, त्या दिवशी ती स्वतः उठून मेन स्विच पाडते. मी एकदा तिथं होते. अंधारात तिच्या शेजारी बसले होते. तेव्हापासून मी त्या घरी मुक्काम करत नाही.

"आता न्हाय ओढणार," ती अंधारात हळूच सांगत होती. मला नव्हे.

अजून कुणी आलेलं नाही.