गोदामाच्या भिंतीतलं दार

कम्प्युटरमध्ये भूत नसतं, धूळ असते, असं नीलेश गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा. बोरगाव मेघेत त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि आजवर त्याचं हे म्हणणं खोटं पडलं नव्हतं. कुणाचा मॉनिटर आपोआप बंद व्हायचा, कुणाचा प्रिंटर मध्येच कागद ओकायचा. नीलेश ब्रश घेऊन बसायचा, फुंकर मारायचा, वायर दाबायचा, की भूत पळालं. माणूस थोडा मिजासखोर होता खरा, पण हातात कसब असलं की मिजास खपून जाते.

२००८ सालच्या तान्ह्या पोळ्याला तो बायको मयुरी आणि सहा वर्षांची लेक गुंजन यांना घेऊन सिंदीला, वडिलांच्या घरी आला. मोठ्यांचा पोळा आदल्या दिवशी होतो. दुसरा दिवस पोरांचा. लाकडी नंदीला चाकं लावायची, शिंगांना रंग द्यायचा, दोरी धरून घरोघर हिंडायचं आणि दारोदार बोजारा मागायचा. कुणी गोळी देतं, कुणी नाणं. नंदी घेऊन आलेल्या लेकराला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, हा सिंदीचा धर्म. गुंजन धड जेवलीही नव्हती, दोरी हातात धरून तयार.

"आपल्याच गल्लीत फिरजो. अन् दिवेलागणीच्या आत घरी येजो," नीलेशनं बजावलं.

ती गेली आणि हा माडीवर चढला, कारण तिथे हेमराज सरांचा कम्प्युटर पडून होता.

हेमराज सर म्हणजे या गल्लीत पहिला कम्प्युटर आणणारा माणूस. त्र्याण्णव साली त्यांनी पोरांसाठी क्लास काढला आणि पोरं टिकावीत म्हणून स्वतःच एक खेळ बनवला. हिरव्या पडद्यावर एक मुलगा नंदी ओढत आपल्याच गल्लीतून जायचा. प्रत्येक दारात प्रश्न यायचा, कधी पाढे, कधी नद्या, कधी राजधान्या. मराठी अक्षरं सरांनी ठिपका ठिपका मांडून काढली होती. उत्तर मात्र इंग्रजी अक्षरांत द्यायचं. बरोबर आलं की दार उघडायचं आणि झोळीत बोजारा पडायचा. तीनदा चुकलं की मुलगा मागे वळायचा आणि गल्लीत दिसेनासा व्हायचा. शाळेच्या छडीनं जे जमलं नाही ते त्या खेळानं केलं, गल्लीतल्या पोरांचे पाढे पाठ झाले.

टोकाचं दार तेवढं कधी कुणाला उघडलं नाही. खरं तर सिंदीत त्या जागी घरच नव्हतं, कापसाच्या गोदामाची सपाट भिंत होती. खेळात मात्र तिथे दार होतं, आणि प्रश्न एवढाच, "कोण आलं?" पोरांनी आपापली नावं टाकून पाहिली, नंदी टाकलं, महादेव टाकलं. दर वेळी उत्तर यायचं, "नाही." नीलेशला हे फार लागलं होतं. सगळी गणितं चुटकीसरशी सोडवणाऱ्या पोराला एक दार दाद देत नाही म्हणजे काय? पुढे सरांनी अचानक क्लास बंद केला, कम्प्युटर नीलेशच्या वडिलांना, ताराचंदांना देऊन टाकला आणि ते पुलगावला राहायला गेले. दार राहून गेलं ते राहूनच गेलं.

धूळ झाडून, दोन वायरी बदलून नीलेशनं बटण दाबलं. पडदा हिरवा झाला, ओळखीची गल्ली उमटली आणि तो लहान मुलासारखा हरखला. फक्त नंदी ओढायला मुलाच्या जागी दोन वेण्यांची मुलगी होती.

तेव्हाही मुलगीच असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. माणसाच्या आठवणीला काही हार्डडिस्क नसते.

अन्नपूर्णाकाकूंच्या दारात प्रश्न आला, बारा सक किती. त्यानं बहात्तर टाकलं, दार उघडलं. थोड्या वेळानं जिन्यात पावलं वाजली. गुंजन वर आली, तळहातावर लिमलेटची गोळी.

"अन्नपूर्णाआजीनं पाढा इचारला मले. बारा सक."

"मंग? तुले कुठी येते बाराचा पाढा?"

"नाई येत. पण तोंडातून आपोआप आलं, बहात्तर."

नीलेश हसला. सिंदीतल्या म्हाताऱ्या बोजारा देण्याआधी पाढा विचारणारच, आणि पोरीनं तो कुठेतरी ऐकला असणार. तरी ती जिना उतरताना त्यानं तिच्या दोन वेण्यांकडे पाहिलं. मयुरीनंच सकाळी घातल्या होत्या.

एकेक दार उघडत तो टोकाला आला.

"कोण आलं?"

जुनी खुन्नस म्हणून आधी त्यानं स्वतःचं नाव टाकलं. नाही. मग सरांचं. नाही. शेवटची खेप उरली. तेवढ्यात खाली गल्लीतून गुंजनच्या नंदीची चाकं खडखडत गेली आणि त्यानं कपाळावर हात मारला. दारात कोण आलंय हे तर समोर दिसतंय. त्यानं "गुंजन" टाकलं.

दार उघडलं.

इतक्या वर्षांचा हट्ट पुरा झाला होता. तो आनंदानं खुर्चीतून उठलाच. पण झोळीत काही पडलं नाही. पडद्यावरच्या मुलीनं दोरी खाली सोडली, नंदी बाहेरच ठेवला आणि ती आत गेली. दार लागलं. मग कुठलीही कळ दाबली तरी ते हलेना.

सरांना सांगावं म्हणून त्यानं मोबाइल काढला. खरं म्हणजे फुशारकी मारायची होती.

"सर, ते टोकाचं दार उघडलं."

"ते दार मी खेळात बनवलंच नोतं, नीलेश," सर म्हणाले. "म्हणूनच तं क्लास बंद केला. काय लिहिलं तू?"

"पोरीचं नाव."

"पोरगी कुठी हाय?"

नीलेश फोन चालू ठेवूनच जिना उतरला. गल्ली पोरांनी आणि नंद्यांनी भरली होती. त्यात ती नव्हती. "आमची पोरगी दिसली का?" असं विचारत तो टोकापर्यंत गेला. गोदामाच्या भिंतीला लागून तिचा नंदी उभा होता. दोरी मातीत पडलेली. त्यानं भिंतीवरून हात फिरवला. दिवसभराच्या उन्हानं तापलेला चुना, कुठे फट नाही की चीर नाही. आपण घाबरलो आहोत हे त्याला स्वच्छ कळलं. नंदी काखेत मारून तो घराकडे पळत सुटला.

ती दारात उभी होती. उंबऱ्याच्या बाहेर.

त्याचा जीव भांड्यात पडला. तो तिच्या बाजूनं आत शिरला, नंदी खाली ठेवला.

"कुठी गेलती तू? ये आतमधी."

ती हलली नाही.

"काऊन थांबली?"

"आधी इचारा ना, बाबा."

"काय इचारू?"

"दारात इचारतात ते."

त्यानं ओढूनताणून हसून घेतलं. "बरं. कोण आलं?"

तिनं विचार केला.

"काजल?" ती म्हणाली, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

"मस्करी नको करू, बेटा."

तिच्या कपाळाला आठी पडली. ती मस्करी करत नव्हती. त्या पडद्यासमोर बसलेल्या प्रत्येक पोराचा चेहरा असाच व्हायचा, आणि नीलेशला तो ओळखीचा होता.

"मंदा?"

आता एकच खेप उरली होती. तिला नावानं हाक मारायची, दंडाला धरून आत घ्यायचं, संपलं. बारशाला हे नाव त्यानंच निवडलं होतं. त्यानं तोंड उघडलं.

जिभेवर ते नावच आलं नाही.

तिनं वळून गल्लीकडे पाहिलं. दिवे लागत होते.

स्वयंपाकघरातून मयुरीनं विचारलं, "कोण आलं जी?"